मद्रासचा क्षयरोग-अभ्यास कसा वाचावा

क्षयरोगावरच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत एक वाक्य हमखास सापडते: क्षयाच्या रुग्णाला घरी ठेवून औषधे दिली तरी तो सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासाने सिद्ध केले. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. हे वाक्य खोटे नाही. मात्र त्याच्या पोटात अनेक वेगवेगळी विधाने आहेत. त्यांतली काही अभ्यासाने खरोखर दाखवली. एक मात्र त्याने दाखवलेलेच नव्हते, तरी तेच दूरवर पसरले. ते विधान रुग्णाच्या जेवणाविषयी आहे, आणि त्यासाठीच हे टिपण.

मी चेन्नईत अभियांत्रिकीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणते औषध कसे काम करते यावर मी बोलणार नाही. अभ्यासाची रचना कशी होती, आकडे किती भार पेलतात आणि निष्कर्ष कुठवर नेता येतो, एवढेच पाहू.

आधी काळ समजून घ्या. १९५०च्या दशकापर्यंत क्षयावरचा मान्य उपाय म्हणजे सॅनेटोरियम: मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार आणि घरच्यांपासून दूर ठेवणे. आपल्याकडे पाचगणी आणि मिरजेजवळची वानलेसवाडी ही नावे जुन्या पिढीच्या बोलण्यात त्यासाठीच येत. मद्रासकरांसाठी तांबरम होते. पण देशातल्या रुग्णांच्या मानाने खाटा अगदीच थोड्या होत्या. खाट मिळेपर्यंत माणूस घरी खोकत राहायचा, आणि बऱ्याचदा खाट मिळायचीच नाही. तोवर औषधे हाती आली होती. मग प्रश्न उभा राहिला: औषध काम करत असेल, तर खाट कशाला हवी?

हा प्रश्न तपासण्यासाठी १९५६मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांचा तो उपक्रम होता, आणि सुरुवातीच्या काळात नेतृत्व वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. चेटपेट भागातली ही संस्था आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिचा पहिला मोठा शोधनिबंध १९५९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. तो जवळजवळ शंभर पानांचा आहे. आजच्या आठ पानी निबंधांची सवय असलेल्यांनी एकदा तो नुसता चाळून पाहावा. कोणती गोष्ट कशी मोजली हे त्यात इतक्या सावकाश सांगितले आहे की वाचणाऱ्याला भांडायला पुरेसे साहित्य मिळते. चांगल्या निबंधाची माझी कसोटी हीच आहे.

रचना अशी होती. मद्रास शहरातल्या गरीब वस्त्यांतले, थुंकीत जंतू सापडलेले रुग्ण घेतले आणि ते कोणत्या गटात जातील हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. एक गट घरी, दुसरा सॅनेटोरियममध्ये. औषधे दोन्हीकडे सारखीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, आणि मुदतही सारखीच, एक वर्ष. यादृच्छिक वाटणीचे महत्त्व इथे नीट समजून घ्या. निवड डॉक्टरांवर सोडली असती, तर जास्त आजारी रुग्ण त्यांनी दयेपोटी सॅनेटोरियममध्ये पाठवले असते आणि घरचा गट आपोआप उजवा ठरला असता. चिठ्ठीला दया नसते, म्हणून ती उपयोगी पडते. ही पद्धत क्षयाच्याच संदर्भात १९४८च्या ब्रिटिश स्ट्रेप्टोमायसिन अभ्यासाने रूढ केली होती. मद्रासमध्ये तिचा वापर करून औषध नव्हे, तर जागा तपासली गेली. मला या अभ्यासाची खरी कल्पकता इथे दिसते.

आता आकड्यांकडे या. एकूण १९३ रुग्ण दाखल झाले आणि मुख्य तुलनेत प्रत्येक बाजूला सुमारे ८० धरले गेले. वर्षाअखेर जंतू नाहीसे होऊन रोग शांत झालेल्यांचे प्रमाण घरी ८६ टक्के आणि सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के होते. पाठ्यपुस्तके इथे ‘फरक नाही’ असे लिहून पुढे जातात. तुम्ही थांबा आणि वही काढा.

फरक ६ टक्क्यांचा आहे. दोन प्रमाणांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी काढा: ०.८६ गुणिले ०.१४ भागिले ८०, अधिक ०.९२ गुणिले ०.०८ भागिले ८०, आणि बेरजेचे वर्गमूळ. उत्तर साधारण ०.०४९ येते. त्याला १.९६ने गुणले की सुमारे ९.६ टक्के. म्हणजे खरा फरक सॅनेटोरियमच्या विरुद्ध ४ टक्क्यांपासून त्याच्या बाजूने १६ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. या आकड्यांवरून ‘फरक सापडला नाही’ असे म्हणता येते, ‘फरक नाही’ असे म्हणता येत नाही. शंभरातले सोळा रुग्ण ही किरकोळ संख्या नव्हे. आज असा अभ्यास करायचा तर किती फरक चालवून घेऊ हे आधीच जाहीर करावे लागते आणि त्यावरून रुग्णांची संख्या ठरवावी लागते. १९५६मध्ये ती शिस्त अजून आली नव्हती.

मग निष्कर्ष टिकला कसा? या एका आकड्यावर तो उभाच नव्हता, म्हणून. केंद्राने त्याच रुग्णांचा पाच वर्षे माग ठेवला. पाच वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे नव्वद टक्के रुग्णांचा रोग शांत होता, आणि रोग उलटण्याचे प्रमाण घरच्या गटात अधिक नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट घरातल्या माणसांची. सॅनेटोरियमच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद हाच होता की रुग्ण घरी राहिला तर मुलाबाळांना लागण होईल. केंद्राने दोन्ही गटांतल्या सहवासितांची पाच वर्षे तपासणी केली, आणि घरी उपचार झालेल्यांच्या कुटुंबांत धोका जास्त आढळला नाही. कारण विचार केल्यावर पटते: लागण व्हायची ती बहुतेक निदानाच्या आधीच, महिनोन्‌महिन्यांच्या खोकल्यात होऊन गेलेली असते, आणि औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने उतरते. एकाच प्रश्नाकडे तीन बाजूंनी जाऊन तेच उत्तर येणे, हा पुरावा ८६ आणि ९२पेक्षा कितीतरी भक्कम आहे. परीक्षेत मात्र ८६ आणि ९२च विचारतात.

दुसरा मुद्दा ‘घर’ या शब्दाचा. निबंधातले घर म्हणजे तुमचे-आमचे घर नव्हे. केंद्राचे कर्मचारी रुग्णाच्या दारी जात, न सांगता जात, उरलेल्या औषधाची मोजणी करत आणि लघवीचे नमुने घेऊन त्याने पीएएस खरोखर घेतले आहे का हे तपासत. रुग्ण आला नाही तर त्याला शोधून आणत. म्हणजे तुलना झाली ती ‘सॅनेटोरियम’ आणि ‘कडक देखरेखीखालचे घर’ यांची. १९६२मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याने घर उचलले. देखरेख उचलणे त्याला परवडणारे नव्हते. औषधाचा पुडा हाती देऊन रुग्णाला घरी पाठवले की तो वर्षभर कडू, पोट बिघडवणारे औषध इमानाने घेईल, असे मद्रासने कधीच म्हटले नव्हते. उलट, रुग्ण औषध चुकवतात हे केंद्राच्या पाहणीतच दिसले होते. त्यामुळे आठवड्यातून दोनदा, कर्मचाऱ्यासमोर औषध घेण्याची पद्धत याच केंद्राने तपासून १९६४मध्ये प्रसिद्ध केली. देशाच्या कार्यक्रमात ‘समोर घ्यायचे औषध’ यायला १९९०चे दशक उजाडले. मधल्या तीस वर्षांत अर्धवट उपचार घेऊन गेलेल्यांचा दोष अभ्यासाचा नाही. त्यातले अर्धे वाक्य उचलणाऱ्यांचा आहे. आमच्या क्षेत्रात प्रयोगशाळेत थंड हवेत तपासलेली बॅटरी मे महिन्यात चेन्नईच्या रस्त्यावर चालवली, तर तिच्या माहितीपत्रकाला कोणी दोष देत नाही.

एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे टिकतोच असे नाही, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरणही इथून जवळच, चेंगलपट्टू जिल्ह्यात घडले. बीसीजी लशीने ब्रिटनमधल्या किशोरवयीनांना उत्तम संरक्षण दिले होते. १९६८ ते १९७१ या काळात चेंगलपट्टूत अडीच लाखांहून अधिक माणसांना यादृच्छिक वाटणीने बीसीजी किंवा निष्क्रिय द्रव टोचण्यात आला. कोणाला काय मिळाले हे ना टोचून घेणाऱ्याला ठाऊक होते, ना तपासणाऱ्याला. साडेसात वर्षांच्या पाहणीत मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण जवळजवळ शून्य निघाले, आणि १९७९मध्ये ते तसेच छापले गेले. बाळांना बीसीजी आजही देतात, कारण लहानपणीच्या गंभीर प्रकारांपासून ती वाचवते. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही वेगळे आहे.

आता जेवण. सॅनेटोरियममध्ये रुग्णांना दूध, मांस, अंडी, भरपूर उष्मांक असा आहार मिळे. घरच्यांना मिळे ते गरिबाघरचे. शिवाय घरचे रुग्ण हालचालही जास्त करत. केंद्राने दोन्ही गटांच्या आहाराची बारकाईने नोंद केली आणि १९६१मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. सॅनेटोरियमच्या रुग्णांचे वजन बरेच जास्त वाढले, पण जंतू नाहीसे होण्यात त्यांना तेवढा फायदा झाला नाही. यावरून निष्कर्ष काढला गेला की योग्य औषधे चालू असताना रोग शांत होणे हे आहारावर मुख्यतः अवलंबून नसते.

हा निष्कर्ष आपल्या जागी बरोबर आहे. त्याचा उद्देशही चांगला होता: ‘तुमच्याकडे दूध-अंड्याला पैसे नाहीत, मग औषध देऊन काय उपयोग’ असे म्हणून गरिबाला परत पाठवणे त्याने बंद केले. पण पुढे हे वाक्य पसरताना त्याच्या अटी गळून पडल्या. ‘क्षयात आहाराला महत्त्व नाही’ असे मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे. निबंधाने मोजले होते काय? थुंकीतले जंतू आणि छातीचे चित्र. कोणत्या रुग्णांत? देखरेखीखाली पूर्ण वर्ष औषध घेणाऱ्यांत. त्यात यादृच्छिक वाटणी जागेची होती, आहाराची नव्हती. आहार जागेबरोबर आला, आणि विश्रांतीही. रुग्ण पुन्हा हमालीला कधी जाऊ शकला, हा त्या तुलनेचा निकष नव्हता. आणि ज्यांना अजून रोग झालेलाच नाही अशा घरच्यांना पोटभर खायला मिळाले तर काय होईल, हा प्रश्न तर त्या निबंधाच्या कक्षेतच नव्हता.

तो प्रश्न २०१९मध्ये झारखंडात विचारला गेला. चेन्नईची हीच संस्था त्यात सहभागी होती. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांचा ‘रेशन्स’ या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास २०२३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसे. रुग्णांना सर्वत्र शिधा दिला. घरच्यांना मात्र यादृच्छिक वाटणीने निवडलेल्या भागांतच दिला: तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे. ज्या भागांत घरच्यांना शिधा मिळाला, तिथे त्यांच्यातला नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि जंतू सापडलेला फुफ्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी.

हा अभ्यासही त्याच डोळ्यांनी वाचा. सहवासितांचा निकाल वाटणीवर उभा आहे, म्हणून मजबूत आहे. पण त्याच प्रकल्पातून ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेला दुसरा निबंध म्हणतो की सुरुवातीला ज्या रुग्णांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले. इथे सर्वच रुग्णांना शिधा मिळाला होता, म्हणजे तुलनेला बिनशिध्याचा गट नाही. आहाराने वजन वाढले म्हणून माणूस वाचला, की मुळात औषध लागू पडत होते म्हणून भूक लागली, वजन वाढले आणि तो वाचलाही? दोन्ही शक्य आहे. इतक्या खंगलेल्या रुग्णांना चिठ्ठी टाकून उपाशी ठेवणे कोणत्याही नीतिसमितीने मान्य केले नसते, आणि करूही नये. म्हणून काही प्रश्नांचे उत्तर याहून पक्के कधी मिळणार नाही, आणि तरीही सरकारला ठरवावे लागते. २०१८पासून क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेत दरमहा ५०० रुपये मिळत होते, २०२४च्या अखेरीस ते १,००० झाले. ही रक्कम रुग्णासाठी आहे. झारखंडातल्या यादृच्छिक वाटणीने ज्यांच्याविषयी पुरावा दिला, ती त्याच घरातली बाकीची माणसे होती.