‘अंतर’ या संकल्पनेची मर्यादा

दूरशिक्षणातील अंतर भौगोलिक नसून अध्यापनविषयक असते, असे मायकेल मूर यांचे १९९३ च्या निबंधातील प्रतिपादन आहे. संवाद, पाठ्यक्रमाची रचना व विद्यार्थ्याची स्वायत्तता या तीन घटकांवर ते अवलंबून असते. संवाद वाढला की अंतर घटते. ही उपपत्ती मोलाची खरी. तथापि नोकरी करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यापुरती ती अपुरी पडते, कारण वेळ हा स्वतंत्र घटक तीत नाही. ऑनलाइन वर्ग सायंकाळी सातला भरला, तर दुसऱ्या पाळीच्या कामगाराला तो दुर्लभच. वर्गातील संवाद वाढतो आणि त्याबरोबर या विद्यार्थ्याचे अंतरही वाढते.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ साली अध्यापन सुरू झाले, तेव्हापासून स्वाध्यायांवरील शिक्षकाचे लेखी अभिप्राय हे तेथील अध्यापनाचे महत्त्वाचे अंग ठरले. हा संवाद संथ असतो, पण विद्यार्थ्याच्या सवडीची वाट पाहतो. सारांश, संवाद किती झाला याइतकाच तो केव्हा झाला, हाही प्रश्न या उपपत्तीत अंतर्भूत व्हावयास हवा. एरवी रात्री ध्वनिमुद्रित पाठ ऐकणारा विद्यार्थी पटावर राहील, परंतु शिक्षकाला तो अपरिचितच राहील.