धम्मलेखनातील एकवाक्यता

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील विहारांच्या काही वंदना-पुस्तिकांत एकाच पानावर ‘धम्म’ व ‘धर्म’, ‘सरणं’ व ‘शरणं’, ‘भिक्खु’ व ‘भिक्खू’ असे पाठ आढळतात. हा निव्वळ मुद्रणदोष आहे, असे आम्ही मानत नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या मूळ इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म हा रूढ धर्मापासून विचारपूर्वक वेगळा केला. या शब्दांची सरमिसळ तो भेदच पुसून टाकते. १९६२ च्या मराठी शुद्धलेखन-नियमांनुसार अन्त्य उकार दीर्घ लिहावयाचा. परंतु पाली वंदनेला तो नियम लावणे अनुचित होय. वंदना पालीप्रमाणे व विवेचन मराठीप्रमाणे छापावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उपासकांची मुले याच पुस्तिकांवरून पाली शिकतात.