आजोबांचे खेळ, नातवंडांचे कान

दिवाळी अंक, धर्मग्रामांच्या स्मरणिका आणि समाजाची नियतकालिके यांतून एक लेखप्रकार वर्षानुवर्षे नेमाने भेटतो. त्याला ‘आमच्या वेळचे खेळ’ असे नाव द्यायला हरकत नाही. लेखकाने साठी ओलांडलेली असते, नजरेसमोर नातवंड असते. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या, गोट्या, भोवरे ही नावे एकामागून एक येतात. मग चिंचेचे झाड, फुटलेला गुडघा आणि त्यावर पिळलेला दगडीपाल्याचा रस. शेवटी एक सुस्कारा आणि नातवंडाच्या हातातील मोबाईलवर ताशेरे. या लेखनामागील ओढ खरी आहे, याविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो वाङ्मयीन: ज्या नातवंडाला उद्देशून हे लिहिले, त्याला ते ऐकावेसे वाटेल काय?

पहिला दोष असा की या लेखांत खेळांची नावे असतात, खेळ नसतो. सूरपारंब्या म्हटल्याने ज्याने तो खेळ पाहिलेला नाही त्याला काय कळणार? टांग वर करून तिच्याखालून काठी दूर भिरकवायची, राज्य असलेल्याने धावत जाऊन ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढायचे, मग त्याने कुणाला तरी शिवायचे, पण रिंगणातील काठी सांभाळून. एवढे सांगितले की ऐकणाऱ्याचे पाय शिवशिवू लागतात. नाव हे जुन्या सवंगड्यापुरते पुरेसे असते. नव्या श्रोत्याला नियम लागतात. नियम सांगणे म्हणजेच त्याला खेळात घेणे होय.

आणि या नियमांत केवढे शहाणपण दडलेले आहे! ज्याच्यावर ‘राज्य’ येते तो आपल्या बालभाषेत सुखी नव्हे, एकटा पडतो आणि सर्वांमागे धावतो. सर्वांत धाकटे पोर ‘कच्चा लिंबू’ ठरते. ते खेळात असते, पण बाद होत नाही. हा कायदा कोणा वडीलधाऱ्याने केलेला नाही. मुलांनीच दुबळ्यासाठी जागा ठेवली. असे काही हाती असताना आमचे लेखक ‘काय ते दिवस!’ म्हणून थांबतात, याचे नवल वाटते.

दुसरा दोष निवेदकाचा. या आठवणींत आजोबा सहसा हरत नाहीत, घाबरत नाहीत, रडीचा डाव खेळत नाहीत. येथे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची आठवण व्हावी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आपल्या आश्रमातील मित्रांना बेचाळीस रात्री आठवणी सांगतो. त्यांतील पोहण्याचा प्रसंग पाहावा. विहिरीवर जाण्याच्या भीतीने श्याम घरात लपून बसतो. आई शिंपटीने मारून त्याला घराबाहेर काढते आणि नंतर तीच मायेने जवळ घेते. तो भ्याला होता हे श्याम लपवीत नाही, आणि म्हणूनच ऐकणारे भित्रे मूल त्याच्या शेजारी येऊन बसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चेही बळ हेच. वडिलांच्या कडक सोवळ्याने ग्रासलेल्या घराची हकीकत त्या सांगतात, पण गाऱ्हाणे म्हणून नव्हे. आपल्या फजितीवर त्या स्वतःच आधी हसतात. जो निवेदक हसू देतो, त्याचेच बोल ऐकले जातात.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. या चित्रात काही माणसे दिसतच नाहीत. आजोबांच्या आठवणीत उन्हाळ्याची अख्खी दुपार मावते. आजीला विचारले तर ती सागरगोटे आणि ठिकरी यांची नावे घेईल, पण बहुधा हेही सांगेल की कडेवर धाकटे भावंड असे आणि हाकेसरशी चुलीपाशी परतावे लागे. कोणाच्या अंगणात कोणाची मुले येऊ शकत नव्हती, हेही सुवर्णकाळाच्या वर्णनातून गळून जाते. आठवण गोड असावी. पण गाळून गोड केलेली असू नये. नातवंडाला अर्धे सत्य दिले तर उरलेले अर्धे ते दुसरीकडून ऐकेल आणि मग पहिल्यावरही विश्वास ठेवणार नाही.

राहता राहिला शेवटचा उपदेश. वड रस्तारुंदीत गेला, विहीर बुजली, वाडीच्या जागी इमारत आणि अंगणाच्या जागी वाहनतळ आला. ती वाडी नातवंडाने विकलेली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारातील एकतिसाव्या कलमाने मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य केला आणि भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला. खेळ ही केवळ आठवणीची वस्तू नाही, ते मुलाचे देणे आहे. ज्याला जागा दिली नाही त्याला घरात बसल्याबद्दल बोल लावणे हे लेखन म्हणूनही सदोष, कारण त्यात आरोपी चुकीचा निवडलेला आहे.

मग या आठवणी लिहूच नयेत काय? अवश्य लिहाव्यात, कारण त्यांच्याबरोबर भाषाही पणाला लागलेली आहे. विटीदांडूतील वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द एक ते चार या तेलुगू आकड्यांशी नाते सांगतात; कोणत्या काळी कोणा शेजाऱ्यांबरोबर हा डाव रंगला असेल, याचा तो पुरावाच. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी यांवर अभंग आहेत. ऐकणाऱ्याने खेळ खेळलेला आहे, हे त्या रचनांनी गृहीत धरले आहे. ज्या पिढीने विटी हाती धरली नाही तिला ते अभंग टीपांच्या आधाराने वाचावे लागतील. खेळ गेला की कवितेचा एक दरवाजा बंद होतो.

जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसणाऱ्या यरुशलेमचे चित्र रेखाटले, तेव्हा त्याने वयामुळे हाती काठी घेतलेले वृद्ध आणि खेळणारी मुलेमुली यांना नगराच्या त्याच चौकांत एकत्र दाखविले. तेथे वृद्ध तक्रार करीत नाहीत. मुले अंगणात नाहीत म्हणून कोणी हळहळत नाही, कारण ती समोरच खेळत आहेत. या लेखप्रकाराला यापेक्षा चांगली कसोटी मला सुचत नाही. लेख वाचून झाल्यावर आजोबांनी डोळे पुसले, तर तो बेताचा उतरला. नातवंडाने ‘काठी कुठे मिळेल?’ असे विचारले, तर साधला.