हक्क कुणाचा, किती? जॉन रायन यांचं ‘अ लिव्हिंग वेज’

अमेरिकन कॅथलिक धर्मगुरू जॉन रायन यांचं ‘अ लिव्हिंग वेज’ हे पुस्तक १९०६ सालचं. त्यांचं म्हणणं काय? सन्मानानं जगता येईल एवढी मजुरी हा माणसाचा हक्क आहे. ती मालकाची दया नाही, आणि बाजारभावावर सोडून देण्याची गोष्टही नाही. धर्मगुरूनं दानाऐवजी हक्काची भाषा बोलावी, हे या पुस्तकाचं मोठेपण.

पण हा हक्क ते सारखा वाटत नाहीत. पुरुषाला कुटुंब पोसण्यापुरती मजुरी, बाईला तिच्या एकटीपुरती! मग जिच्या एकटीवर मुलांचा भार आहे, तिनं काय करायचं?

याचं उत्तर मला बाल्टिमोर शहरात सापडतं. तिथल्या चर्चच्या अन्नछत्रात जेवायला येणारे कित्येक जण रोज कामावर जात होते, तरी घर चालत नव्हतं. तेव्हा ‘बिल्ड’ ही चर्चची संघटना आणि कामगार युनियन एकत्र आली. १९९४ साली कायदा झाला: महापालिकेच्या कंत्राटी कामांवर तासाला ६.१० डॉलर, पुढे टप्प्याटप्प्यानं ७.७०. देशाचं किमान वेतन तेव्हा होतं ४.२५. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब धरून ठरवलेला हा दर बाईलाही तोच, पुरुषालाही तोच.

अर्थात, कायदा कंत्राटी कामांपुरताच होता. बाकीचे कामगार बाहेरच राहिले. तरीही रायन वाचताना बाल्टिमोर शेजारी ठेवा. हक्क आहे, हे पुस्तक पटवून देतं. पण कुणाला आणि किती, हे ठरवताना कामगार समोर बसलेले असले, की उत्तर बदलतं.