समोच्चरेषांवरील आकडे आणि बोलींचे नकाशे

बोलींच्या अभ्यासास वाहिलेल्या प्रबंधांना भूपृष्ठाच्या उठावाचा नकाशा जोडण्याची रीत अलीकडे पडली आहे. रीत चांगली आहे. सह्याद्रीच्या दोन अंगांना बोलल्या जाणाऱ्या मराठीचा विचार कडे, खिंडी आणि नद्या यांना वगळून करता येणार नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु हे नकाशे वाचले जातात, की नुसते पाहिले जातात, अशी शंका येते. समोच्चरेषेवर छापलेला ‘६००’ हा आकडा अलंकार नव्हे; ते एक विधान आहे. या रेषेवरील प्रत्येक बिंदू समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंच आहे, असे ते सांगते. प्रबंधातील इतर विधानांना आपण आधार मागतो. याला मात्र मागत नाही.

बहुतेक नकाशांचा आधार एकच असतो. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने जी मोजणी केली, तिच्या नोंदी आज विनामूल्य मिळतात. एक विकला, म्हणजे सुमारे ३० मीटर बाजूच्या प्रत्येक चौकटीस एक उंची, तीही पूर्ण मीटरमध्ये. क्यूजीआयएससारख्या आज्ञावलीत या नोंदी उघडाव्यात, दोन रेषांमधील उंचीचे अंतर सांगावे, की काही क्षणांत रेषा तयार होतात. प्रत्येक रेषेची उंची तिच्या तक्त्यात नोंदलेली असते आणि तीच रेषेवर आकडा म्हणून छापता येते. अंतर किती ठेवावे हे आज्ञावली विचारते. ते अंतर मूळ नोंदींना पेलेल काय, हे विचारीत नाही. ९० टक्के ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत असावी, एवढेच त्या मोजणीचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ती पुष्कळ ठिकाणी याहून बरी उतरली, हे खरे. तथापि ५ मीटर अंतराच्या रेषा काढून त्यांवर आकडे घालणे हे धाडसच होय.

चुकीचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. दोनास एक अशा तीव्र उतारावर १० मीटरची चूक रेषेला आडवे २० मीटर सरकविते. नकाशावर ते दिसणारही नाही. शंभरास एक अशा जवळजवळ सपाट सड्यावर तीच चूक रेषेला एक किलोमीटर सरकविते. एखाद्या शब्दरूपाची सीमा अमुक समोच्चरेषेला धरून जाते, असा निष्कर्ष सड्यावर काढला, तर दोन वाड्यांमधील अंतराहून रेषेची अनिश्चितताच मोठी ठरण्याचा संभव आहे. मग त्या निष्कर्षात भाषेचे काय उरते?

आकड्यांच्या मांडणीविषयीही असेच म्हणावे लागते. आज्ञावलीला मोकळीक दिली, तर एकमेकांवर येणारे आकडे ती गाळून टाकते. त्यामुळे रेषा ऐसपैस असलेल्या पठारावर आकड्यांची गर्दी होते आणि कड्याजवळ, जेथे वाचकाला त्यांची खरी गरज, तेथे एकही राहात नाही. प्रत्येक पाचवी रेषा ठळक करून तिच्यावरच आकडा घालावा, ही जुन्या नकाशाकारांची शिस्त नियम म्हणून सांगता येते. पण ती सांगावी लागते. आकड्यांची डोकी चढाच्या दिशेला असावीत हा संकेतही असाच. आज्ञावली आपण होऊन आकडा वाचकापुढे सरळ उभा करते. चढ कोणीकडे, याची तिला पर्वा नसते. खिंडीचे दुर्दैव तर याहून मोठे. बोली ज्या वाटेने घाट ओलांडतात ती अरुंद वाट ३० मीटरच्या चौकटीत सरासरीने बुजते. शिखर मात्र नकाशावर ठळक दिसते, जेथे कोणी बोलावयास जात नाही.

प्रस्तुत लेखकाच्या हातून झालेली चूक येथे सांगणे योग्य होईल. कोयनेच्या खोऱ्यातील जुन्या गावांच्या परस्परसंबंधांसाठी आम्ही याच नोंदींवरून नकाशा केला. रेषा सुबक आल्या. नदीचे पात्र जेथे असावयाचे तेथे एक मोठी कोरी सपाटी होती. ती शिवाजीसागर जलाशयाची. रडारने २००० साली पाण्याचा पृष्ठभाग मोजला. १९६०च्या दशकात त्याखाली गेलेली नदीकाठची जमीन त्या नोंदींत असणेच शक्य नव्हते. ज्या उतारांवरून माणसे एकमेकांकडे जात-येत, ते उतारच नकाशात नव्हते, आणि रेषांवरील आकडे मात्र निर्धास्तपणे उभे होते. काठच्या दाट रानातही रडार जमिनीपर्यंत पुरते पोहोचत नाही. तेथील उंचीत झाडोऱ्याचाही काही वाटा असतो.

तो नकाशा आम्ही बाजूस ठेवला. दुसऱ्या वेळी धरणापूर्वीच्या पाहणीचे छापील नकाशे आधारास घेतले, नदीकाठच्या रेषा त्यांवरून हाताने उतरविल्या आणि फुटांतील आकडे मीटरमध्ये आणले. वरच्या अंगास रडारच्या नोंदी ठेवल्या, पण अंतर ४० मीटरचे. रेषा काढण्यापूर्वी मूळ उंचीच किंचित गुळगुळीत करून घेतली, कारण काढलेल्या रेषा मागाहून गुळगुळीत केल्या तर त्या एकमेकींस छेदतात. दोन आधार जेथे मिळतात तेथे तुटक रेषा काढून तिच्यावर दोन्ही पाहण्यांची साले लिहिली. सड्यावरील रेषांना आकडे दिले नाहीत. हा नकाशा पहिल्याइतका देखणा नाही, आणि एका परीक्षकांनी तो अपुरा राहिला आहे काय, असे विचारले.