‘अतिसक्रिय पेशी’ : एका संज्ञेची चिकित्सा

स्मृतिभ्रंशावर उपाय म्हणून मेंदूतील ‘अतिसक्रिय पेशी शांत कराव्यात’, हा विचार गेल्या दोन दशकांत वैद्यकीय संशोधनात पुढे आला आहे. विचार महत्त्वाचा आहे. म्हणूनच तो ज्या शब्दांत मांडला जातो, त्यांची परीक्षा अवश्य ठरते.

‘अति’ हा उपसर्ग केवळ परिमाण सांगत नाही, दोषही सांगतो. स्मृतीची सौम्य क्षती झालेल्या व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पस या भागात, स्मरणाचे काम चालू असता, अधिक क्रिया आढळते. प्रारंभी काही अभ्यासकांनी तिला ‘भरपाई’ मानले. निरीक्षण एकच, परंतु भरपाई म्हटली की ती जपावी लागते, अतिरेक म्हटला की तो आवरावा लागतो. या दोन नावांतील निवाड्यासाठी प्रयोगच हवा होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मिशेला गॅलाघर यांच्या गटाने २०१२ साली अशा व्यक्तींना लेव्हेटिरॅसिटाम हे अपस्मारावरील औषध अल्प मात्रेत दिले. क्रिया घटली, आणि सारख्या दिसणाऱ्या चित्रांतील भेद ओळखण्याची क्षमता सुधारली. भरपाईच्या कल्पनेस हा मोठाच धक्का होय.

‘पेशी’ हा शब्द मात्र पुराव्याच्या पुढे धावतो. २००८ साली जर्मन संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत अमायलॉइडच्या साठ्यांजवळ अतिसक्रिय पेशी प्रत्यक्ष पाहिल्या. त्याच पाहणीत निष्क्रिय झालेल्या पेशींचे प्रमाणही वाढलेले दिसले. उपर्युक्त मानवी प्रयोगात मोजला गेला तो रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात पडणारा फरक. तेथे पेशी दिसत नाहीत, त्यांचे अनुमान होते. रूढ संज्ञेत दर्शन आणि अनुमान एक होतात, व निष्क्रिय पेशी तर नाहीशाच होतात.

‘शांत करणे’ या क्रियापदातून अधिक औषध म्हणजे अधिक लाभ, असा ध्वनी निघतो. परंतु त्याच गटाच्या २०१५ च्या प्रयोगात दिवसातून दोनदा १२५ मिलिग्रॅम देऊन जो लाभ दिसला, तो २५० मिलिग्रॅमने दिसला नाही.

सर्वांत सैल वापर ‘स्मृतिभ्रंश’ या शब्दाचा. कीथ व्हॉसेल व सहकाऱ्यांच्या २०२१ च्या चाचणीत अल्झायमरच्या सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता लाभ आढळला नाही. ज्यांच्या मेंदूत अपस्मारसदृश विद्युत्क्रिया होती, त्यांची मात्र काही कसोट्यांवर प्रगती झाली. सौम्य क्षतीच्या रुग्णांवरील, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ७८ आठवड्यांच्या चाचणीतही मुख्य कसोटीवर लाभ सिद्ध झाला नाही.

तात्पर्य, ‘स्मृतिभ्रंशावर उपाय’ या विधानाचा पुराव्याने टिकणारा भाग इतकाच : काही विशिष्ट रुग्णांत, मर्यादित मात्रेत, काही विशिष्ट क्षमतांपुरती सुधारणा संभवते. हे वाक्य आकर्षक नाही. परंतु रुग्णाचे आप्त अशा विधानांवर आशा बांधतात. तेव्हा विशेषणे गाळण्याची मुभा शास्त्रीय लेखनास नाही.