‘सर्वोत्तम’ म्हणजे कोणाला सर्वोत्तम? बर्लिनच्या रात्रीविषयी

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात बार आणि नाइटक्लब कशाला? तर त्याला कारण कांट आहे. १७९० च्या आपल्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये तो कॅनरी बेटांच्या वाइनचं उदाहरण देतो. ती वाइन छान आहे असं कोणी म्हटलं, तर ‘मला छान वाटते’ असं म्हणायला हवं, अशी दुरुस्ती केलेली त्या माणसाला चालते. सुंदर म्हणताना मात्र आपण एवढ्यावर थांबत नाही. इतरांनीही ते मान्य करावं अशी आपली अपेक्षा असते.

आता ‘बर्लिनमधले सर्वोत्तम बार आणि क्लब’ अशा याद्या बघा. सगळा मामला वाइनचाच, पण आव सौंदर्याचा! रांग किती, तिकीट केवढ्याला, संगीत कोणतं, सगळं मिळतं. कोणासाठी सर्वोत्तम, हे तेवढं मिळत नाही. एकाच यादीत बेर्गहाइन आणि त्याच्याखाली क्लेर्शेन्स बालहाउस. हे दुसरं १९१३ पासूनचं नाचघर, जोडीनं नाचायचं, जिथे म्हातारी माणसंही निवांत रमतात. वरच्या मजल्यावरचा आरशांचा हॉल तर युद्धानंतर कित्येक दशकं बंदच होता. या दोघांना एका फूटपट्टीनं मोजायचं म्हणजे कीर्तन आणि कुस्तीचा फड यांना मिळून गुण देण्यासारखं आहे.

याद्यांमध्ये न येणारी, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेळेची आहे. १९४९ साली पश्चिम बर्लिनमध्ये बार बंद करण्याची सक्तीची वेळ रद्द झाली. हाइन्झ त्सेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्यानं अमेरिकन कमांडंट हाउली यांची गाठ घेऊन ते घडवून आणलं. सोबत व्हिस्कीची बाटली होती, असं सांगतात. शहराची नाकेबंदी नुकतीच उठली होती किंवा उठत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. परिणाम काय झाला? जिथे घंटा वाजवून ‘शेवटची ऑर्डर’ पुकारतात, तिथे माणूस घड्याळाशी शर्यत लावून पितो. घंटाच नसेल तर ती घाई नाही. शनिवारी रात्री सुरू झालेली पार्टी सोमवारी सकाळी संपते, आणि त्यात कोणी रविवारी दुपारी न्याहारी करून येतो. रात्र हा तिथे कालखंडच राहत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. भिंत पडली, पूर्व भागातल्या कितीतरी इमारती रिकाम्या, मालक कोण याचा पत्ता नाही. १९९१ मध्ये ‘ट्रेझोर’ सुरू झाला तो वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत. ट्रेझोर म्हणजेच तिजोरी. तिथे जे वाजलं ते मात्र बर्लिनचं नव्हतं, ते बऱ्याच अंशी डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय संगीतकारांचं होतं. मोटारींचे कारखाने ओस पडलेल्या शहराचं संगीत दुसऱ्या एका ओस पडलेल्या भागात येऊन रुजलं. मार्च २०२४ मध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, तेव्हा डेट्रॉइटचं हे देणं किती जणांनी मोठ्यानं उच्चारलं, हा प्रश्न मला पडतो.

आता बेर्गहाइन. २००४ मध्ये एका जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत उघडलं. नाव क्रॉइत्सबेर्ग आणि फ्रीडरिक्सहाइन या दोन वस्त्यांच्या शेपट्या जोडून झालेलं. २०१६ मध्ये तिथल्या वित्त न्यायालयानं ठरवलं की इथले कार्यक्रम मैफलीसारखे आहेत. म्हणून कर १९ टक्के नव्हे, ७ टक्के. म्हणजे बघा, लोक संगीत ऐकायला येतात की नुसती करमणूक करून घ्यायला, या सौंदर्यशास्त्रातल्या प्रश्नाला बारा टक्क्यांची किंमत आली! आमच्या विद्यार्थ्यांना हे आधी माहीत असतं तर वर्गात झोपले नसते. २०२१ मध्ये संसदेनंही ठराव केला की क्लबांना जुगाराच्या यंत्रांच्या दुकानांच्या पंगतीत न बसवता सांस्कृतिक स्थळं मानावं.

निकाल मला पटतो. दरवाजा पटत नाही. आत कोणाला घ्यायचं याचा लिखित निकष नाही. दारावर स्वेन मार्क्वार्ट, पूर्व बर्लिनमध्ये वाढलेले, स्वतः उत्तम छायाचित्रकार. तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्याला मानेच्या एका हालचालीनं परत पाठवलं जातं, कारण सांगितलं जात नाही. बाजू घेणारे म्हणतात, आतल्यांना, विशेषतः समलिंगी मंडळींना, निर्धास्तपणे वावरता यावं म्हणून हे हवं. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात तेही त्यासाठीच. स्टिकरचं मला शंभर टक्के पटतं, तो नियम सगळ्यांना सारखा आहे. पण कांट संकल्पनेशिवाय केलेल्या निवाड्याबद्दल बोलतो तो फुलाबद्दल, चित्राबद्दल. माणसाबद्दल निवाडा करायचा तर कारण द्यावं लागतं. निर्धास्तपणा हे कारण असेल तर ते बोलून दाखवता येतं. न बोलल्यामुळे काय होतं, तर नकाराचीच जाहिरात होते, ‘मला आत सोडलं’ ही मिरवायची गोष्ट होते, आणि रांगेत पर्यटकच वाढतात.

आणि या वारशाचं पुढे काय? वारशाचा शिक्का बसला त्याच वर्षाच्या अखेरीस ‘वॉटरगेट’ बंद झाला. २००२ पासूनचा, श्प्रे नदीकाठचा, ओबरबाउम पुलाशेजारचा, काचेतून पाणी दिसायचं असा क्लब. भाडं, वाढलेला खर्च, कमी झालेले पर्यटक. ट्रेझोरची मूळ जागा तर २००५ मध्येच गेली, तिथे ऑफिसांची इमारत आली. क्लब २००७ मध्ये दुसऱ्या एका वीजकेंद्रात पुन्हा उघडला. ज्या स्वस्त, बेवारस जागेमुळे हे सगळं जन्माला आलं, ती जागा या क्लबांच्याच कीर्तीमुळे महाग होत गेली. यादी करणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे, आणि ते यादीत कधीच लिहिलेलं नसतं. कर कमी करून भाडं कमी होत नाही. पूर्वेकडच्या ‘अबाउट ब्लँक’ क्लबच्या जागेवरून ए-१०० हा महामार्ग पुढे न्यायची योजना आहे. तो क्लब सांस्कृतिक स्थळ आहे की नाही, हे रस्त्याच्या नकाशावर कुठे लिहायचं, ते अजून ठरायचं आहे.